‘पथ्य पाळता ना, मावशी?’

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी आईला घेऊन तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात गेले होते. आईला तीन वर्षांपासून मधुमेह आहे. आमच्याकडे त्याला नुसतेच ‘साखर’ म्हणतात. डॉक्टरांनी तपासणीचा कागद हातात घेतला, चष्म्यावरून आईकडे पाहिले आणि विचारले, “पथ्य पाळता ना, मावशी?”

आई म्हणाली, “व्हय की. समदं पाळती.”

डॉक्टरांनी कागद टेबलावर आपटला. “मग हा आकडा काय खोटं बोलतोय?”

त्या कागदावर तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा होता, साडेनऊ. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि त्या काळात रक्तात जितकी साखर जास्त, तितकी ती त्यांतल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते. म्हणून आदल्या दिवशी उपवास करून हा आकडा खाली आणता येत नाही. हे मला आता ठाऊक झाले आहे. त्या दिवशी मात्र मला एवढेच दिसले, की बाहेर बाकावर बसलेल्या दहाबारा माणसांनी माना वळवून आमच्याकडे पाहिले आणि माझ्या आईने पदर तोंडाला लावला. एसटीतून परत येताना ती एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही. कारण खरे सांगायचे तर मलाही आईचा रागच आला होता. खोटे बोलायचे काय कारण होते?

वाचकहो, तो राग पुढे माझ्यावरच उलटला. कसा, ते सांगते.

सुट्टी संपून कॉलेज सुरू झाल्यावर आमच्या मानसशास्त्राच्या सरांनी वर्गाला एक प्रात्यक्षिक दिले. सरांनी फळ्यावर समतोल आहाराचा एक तक्ता लिहिला : दोन्ही वेळा पोळी किंवा भाकरी, वरण, एक भाजी, दिवसाकाठी एक फळ आणि पेलाभर दूध. सात दिवस तो पाळण्याचा प्रयत्न करायचा आणि खरोखर जे जे पोटात गेले ते वहीत लिहायचे. गुण तक्ता पाळण्याला नाहीत, नोंदीला आहेत, असे सरांनी दोनदा बजावून सांगितले होते.

मी वसतिगृहात राहते. आमची मेस रविवारी संध्याकाळी बंद असते. ज्या मुलींजवळ पैसे असतात त्या बाहेर जाऊन काही खातात. त्या रविवारी माझ्याजवळ पैसे नव्हते. मी एक कप चहा आणि पार्ले-जीचा अर्धा पुडा खाऊन झोपले. आणि झोपण्यापूर्वी वहीत स्वच्छ अक्षरात लिहिले : ‘दोन पोळ्या, वरण, मेथीची भाजी, दूध’. ती मेथी मी कुठल्या शेतातून उपटली होती देव जाणे! पुढच्या आठवड्यात सरांनी माझी वही वर्गात उचलून दाखवली आणि ‘आदर्श नोंद’ असा शेरा दिला. टाळ्याही पडल्या. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वर्गात माझ्यासाठी टाळ्या पडण्याचा तो पहिलाच प्रसंग. (हा लेख छापून आल्यावर सरांना खरे काय ते कळेल. सर, क्षमा असावी.)

त्या रात्री मला दवाखान्यातली आई आठवली. गुणांची भीती नव्हती, दंड नव्हता, कोणी रागावणार नव्हते, तरीही मी खोटे लिहिले होते. मग जिच्यासमोर कागद आपटणारा माणूस बसला होता, तिने ‘समदं पाळती’ म्हटले तर त्यात नवल ते काय?

दुसऱ्या दिवशी मी धीर करून सरांना विचारले, “सर, मोठ्या संशोधनातसुद्धा असेच विचारून लिहून घेतात का? आणि माणसे खोटे सांगत असतील तर?” सर हसले. म्हणाले, “बाई, पोषणशास्त्र निम्मे याच प्रश्नावर अडलेले आहे.” आणि त्यांनी मला काही इंग्रजी लेख वाचायला काढून दिले. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते दीड महिना वाचले. सगळेच कळले असा माझा दावा नाही. जे कळले त्यावर मात्र माझे एक मत झाले आहे, आणि ते मांडण्यासाठीच हा खटाटोप.

प्रश्न दिसतो तितका साधा नाही. एखादे औषध गुणकारी आहे की नाही हे पाहायचे तर गोळ्या मोजून देता येतात आणि उरलेल्या मोजून घेता येतात. आहाराचे तसे नाही. आहार दिवसातून चारदा, चार ठिकाणी, चार माणसांच्या संगतीत पोटात जातो आणि मागे काहीच उरत नाही. मग सांगितलेला आहार माणसाने घेतला की नाही हे कळायचे कसे? सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे त्यालाच विचारणे. वही लिहायला सांगणे, ‘काल काय खाल्ले’ हे आठवायला सांगणे, किंवा ‘आठवड्यातून किती वेळा’ अशी लांबलचक प्रश्नावली भरून घेणे. आहारावरचे बहुतेक ज्ञान याच तीन खुंट्यांवर टांगलेले आहे.

या खुंट्या किती पक्क्या आहेत हे तपासण्याचा एक विलक्षण मार्ग आहे. त्यात माणसाला विशिष्ट पाणी पाजतात. त्या पाण्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो आणि ऑक्सिजनही जड असतो. पुढचे आठ-पंधरा दिवस लघवी तपासायची. जड हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या वाटेने जातो. जड ऑक्सिजन पाण्याच्या वाटेनेही जातो आणि उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या वाटेनेही. दोघांच्या जाण्यातला फरक काढला की त्या माणसाने किती कार्बन डायऑक्साइड सोडला, म्हणजेच किती उष्मांक जाळले, ते कळते. वजन स्थिर असेल तर जाळले तितकेच खाल्ले असणार. १९५५ साली अमेरिकेतील नेथन लिफसन यांच्या प्रयोगशाळेत प्राण्यांसाठी निघालेली ही रीत १९८२ पासून माणसांवर वापरली जाऊ लागली. इथे कोणी काही विचारत नाही, म्हणून कोणाला काही लपवावेही लागत नाही.

१९९२ साली न्यू यॉर्कमध्ये दहा लठ्ठ माणसांवर असा अभ्यास झाला. ‘आम्ही दिवसाला १२०० उष्मांकांहूनही कमी खातो, तरी वजन उतरत नाही’ अशी त्यांची तक्रार होती. जड पाण्याने हिशेब लावला तेव्हा ती माणसे जेवढे खात होती त्याच्या जवळजवळ निम्मे, सरासरीने ४७ टक्के, त्यांच्या नोंदीत आलेच नव्हते. हे वाचून मी प्रथम मोठ्याने हसले. मग आठवले, की माझी चूक नेमकी उलट्या दिशेची आहे. त्यांनी खाल्लेले लिहिले नाही आणि मी न खाल्लेले लिहिले. ज्याला जे लपवायचे असते ते तो लपवतो. कोणी भरलेले पोट, तर कोणी रिकामे. आणि ती दहा माणसे जाणूनबुजून फसवत होती असेही संशोधकांचे म्हणणे नव्हते. स्वतःबद्दलचे जे चित्र माणसाने मनाशी धरलेले असते, त्यात न बसणारे घास तो विसरतो.

लघवी तपासण्याचा दुसराही उपयोग आहे. चोवीस तासांच्या लघवीतील नायट्रोजनवरून प्रथिने किती खाल्ली ते कळते आणि सोडियमवरून मीठ कळते. पण यातही एक गंमत आहे. माणूस चोवीस तासांची सगळी लघवी बाटलीत जमा करतो कशावरून? त्यावर केंब्रिजच्या शीला बिंगहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८३ साली तोड काढली. निरुपद्रवी अशा एका पदार्थाच्या गोळ्या त्या दिवशी द्यायच्या. तो पदार्थ जवळजवळ सगळा लघवीतून बाहेर पडतो. तो पुरेसा सापडला नाही तर समजायचे, की बाटली अर्धवट आहे. म्हणजे आधी पथ्याची पाहणी, मग पाहणीचीही पाहणी! आमच्या गावात पंचनाम्यालाही इतके कोणी करत नाही.

असो. हे सगळे कशासाठी, असे कोणी विचारील. दहा माणसांनी आपले जेवण कमी सांगितले तर जगाचे काय बिघडले? बिघडते कसे याचे उदाहरण अमेरिकेतच आहे, आणि ते दहा जणांचे नाही, ४८,८३५ स्त्रियांचे आहे.

‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या नावाने १९९३ साली तेथे एक प्रचंड अभ्यास सुरू झाला. पाळी थांबलेल्या, ५० ते ७९ वर्षे वयाच्या स्त्रिया निवडल्या. आहारातील चरबी कमी केली, भाज्या-फळे-धान्ये वाढवली, तर स्तनाचा कर्करोग, आतड्याचा कर्करोग आणि हृदयविकार कमी होतात का, हा प्रश्न होता. चिठ्ठ्या टाकाव्या तशी विभागणी करून एका गटाला आहार बदलायला शिकवले. पहिल्या वर्षी १८ बैठका आणि पुढे दर तीन महिन्यांनी एक. दुसऱ्या गटाच्या हातात नुसती पुस्तिका दिली. लक्ष्य असे, की एकूण उष्मांकांपैकी चरबीतून येणारे २० टक्क्यांवर आणायचे. पहिल्या वर्षअखेर त्या स्त्रिया २४ टक्क्यांपर्यंत आल्या. सहाव्या वर्षी त्या पुन्हा २९ टक्क्यांच्या आसपास पोचल्या. दोन गटांतील अंतर पहिल्या वर्षी १०.७ टक्के होते, ते ८.१ वर आले. २००६ साली निकाल लागला की ठाम असा फायदा दिसत नाही.

आता सांगा, निकाल कशाचा लागला? २० टक्के चरबीच्या आहाराचा? तो आहार तर सरासरीने त्यांच्यापैकी कोणी घेतलाच नव्हता. निकाल लागला तो ‘असा आहार घ्या’ असे सांगण्याचा. या दोन गोष्टी एकच नाहीत. आणि हे २४ नि २९ आकडेही त्या स्त्रियांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीतूनच आलेले! त्यांच्यापैकी ५४४ जणींना नंतर जड पाणी पाजून ताडून पाहिले. पुस्तिकावाल्या गटाने आपले खाणे २७ टक्क्यांनी कमी सांगितले होते आणि ज्यांना बैठकांत बसवून शिकवले होते त्यांनी ३२ टक्क्यांनी. म्हणजे जितकी शिकवण जास्त, तितकी लाजही जास्त. माझ्या मेथीच्या भाजीचे मूळ मला इथे सापडले. फळ्यावर तक्ता नसता, तर मी ती भाजी लिहिली नसती.

‘सांगा आणि विचारा’ याच्याऐवजी ‘द्या आणि पाहा’ अशीही एक रीत आहे. स्पेनमध्ये २००३ पासून चाललेल्या ‘प्रेडिमेड’ अभ्यासात सुमारे साडेसात हजार माणसे होती. तेथे एका गटाला ऑलिव्हचे तेल आणि दुसऱ्याला अक्रोड-बदामासारखा सुका मेवा फुकट घरी नेऊ दिला. चौदा प्रश्नांची छोटी प्रश्नावली होतीच, पण काहींच्या लघवीत ऑलिव्ह तेलाची आणि रक्तात अक्रोडाची खूणही शोधली. पथ्य पाळणे त्या माणसांना जमले, कारण पथ्य बाटलीतून घरी आले होते. (त्या अभ्यासाची २०१३ ची छापील आवृत्ती गट पाडण्यातील चुकांमुळे मागे घेऊन २०१८ साली नव्या हिशेबाने छापावी लागली, हेही सांगून टाकते, उगाच कोणाला डोक्यावर घेऊन नाचायला नको.)

माणसे कोंडून ठेवली तर? तेही झाले आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धाने उपाशी पडलेल्या माणसांना पुन्हा कसे जेवू घालावे, हे शोधायचे होते. तरुणही कसे? सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून बंदूक हाती घ्यायला नकार दिलेले आणि आपण होऊन या प्रयोगाला आलेले. मनोनिग्रहात त्यांच्यासारखे तेच. तरीही गावात जाऊन कोणी चोरून खाल्ले, तेव्हा नियम करावा लागला, की एकट्याने बाहेर पडायचे नाही, जोडीदार बरोबर हवा. अशा व्रतस्थ माणसांचे हे, आणि आमच्याकडे मात्र भांगलणीला जाणाऱ्या बाईला विचारतात, मावशी, तुम्हाला जिभेवर ताबा नाही का?

सरांनी दिलेल्या कागदांत मला सर्वांत आवडला तो आपल्या मुंबईचा अभ्यास. झोपडपट्टीतल्या, अजून दिवस न गेलेल्या स्त्रियांना गरोदरपणाच्या आधीपासून पालेभाज्या, फळे आणि दूध घातलेला खाऊ रोज दिला तर बाळाचे वजन वाढते का, हे त्यात पाहायचे होते. २००६ साली तो सुरू झाला आणि २०१४ साली छापून आला. ६,५१३ स्त्रियांची दोन गटांत विभागणी झाली. दुसऱ्या गटाचा खाऊ बटाटा-कांद्यासारख्या, सूक्ष्म पोषकद्रव्ये कमी असलेल्या भाज्यांचा. दोन्ही दिसायला समोसा-भज्यांसारखे.

मला आवडले ते असे, की इथे ‘पालक खा, दूध प्या’ असे सांगून बायकांना घरी पाठवून दिले नाही. खाऊ वस्तीतल्या केंद्रावर ठेवला, बायकांनी तिथे येऊन तो खायचा, आणि कार्यकर्तीने समोर पाहून लिहायचे की सगळा खाल्ला, अर्धा खाल्ला की नाही खाल्ला. आमच्यासारख्या घरात याला फार अर्थ आहे. पौष्टिक वस्तू घरी आली तर बाईच्या तोंडात ती शेवटी जाते, किंवा जातच नाही. आईला दिलेल्या सफरचंदाची फोड माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिसणार हे सांगायला कोणी शास्त्रज्ञ नको. केंद्रावर उभ्याने खाल्लेला खाऊ तरी तिचाच.

निकाल काय लागला? सगळ्या स्त्रिया धरल्या तर बाळांच्या वजनात म्हणावा असा फरक नाही; सरासरीने २६ ग्रॅम जास्त, पण तेवढा योगायोगानेही पडू शकतो. दिवस जाण्यापूर्वी किमान नव्वद दिवस खाऊ सुरू झालेल्या स्त्रियाच धरल्या तर ४८ ग्रॅम जास्त. आणि ज्या अगदीच हाडकुळ्या होत्या त्यांच्या बाळांना लाभ दिसलाच नाही. जरा भरल्या अंगाच्या स्त्रियांच्या बाळांना अधिक दिसला. हे वाचून मला वाईट वाटले. परंतु हा निकाल मी मानते, कारण खाऊ खाल्ला गेला होता की नाही हे इथे ठाऊक होते. नाहीतर कोणीही सहज म्हटले असते, ‘या बायकांनी खाल्लाच नसेल, फेकून दिला असेल.’

मग कोणी म्हणेल, पथ्य पाळणारे तेवढे वेगळे काढा आणि त्यांचाच हिशेब करा, म्हणजे झाले. मलाही तसेच वाटले होते. पण सरांनी मला १९८० साली छापलेला एक अमेरिकन अभ्यास दाखवला. तो आहाराचा नाही, हृदयविकाराच्या रोग्यांना दिलेल्या एका औषधाचा आहे. त्यात एका गटाला खरे औषध दिले होते आणि दुसऱ्याला औषधासारखी दिसणारी, आत काहीच नसलेली गोळी. त्या पोकळ गोळ्या ज्यांनी नेमाने, म्हणजे शंभरातल्या ८० किंवा जास्त घेतल्या, त्यांच्यापैकी पाच वर्षांत १५.१ टक्के दगावले. ज्यांनी त्याच पोकळ गोळ्या त्याहून कमी घेतल्या, त्यांच्यापैकी २८.३ टक्के! गोळीत काहीच नव्हते. मग वाचवले कोणी? नेम पाळणाऱ्याच्या अंगी आणि घरी आधीच काहीतरी असले पाहिजे, जे नेम न पाळू शकणाऱ्याकडे नाही.

ते ‘काहीतरी’ म्हणजे काय, यावर संशोधकांनी बरेच आकडे लावून पाहिले. माझ्याजवळ आकडे नाहीत, पण मला त्याचे काही नमुने पाठ आहेत. वेळेवर जेवण मिळणे, एका जागी बसून जेवता येणे, जेवणाच्या वेळी शेतात दुसऱ्याच्या बांधावर नसणे, मागितले तर घरात वेगळे शिजवून मिळणे.

म्हणून माझे मत असे आहे. ‘पथ्यपालन’ हा रकाना संशोधनात हवाच. किंबहुना तो भरल्याशिवाय कोणताही आहार उत्तीर्ण वा नापास करू नये. तो नुसते विचारून भरू नये. शरीराची साक्ष काढावी, समोर वाढून पाहावे. परंतु तो भरल्यावर त्यातले गुण आहाराला द्यावेत, माणसाला नव्हे. शंभरातल्या साठ जणांना एखादा आहार पाळता आला नाही, तर तो दोष साठ जणांच्या चारित्र्यात आधी शोधू नये, त्या आहाराच्या कागदात शोधावा. चपला शंभरातल्या साठ पायांना लागल्या तर आपण चांभाराला बोलतो की पायांना? आमच्या वर्गातला एक मित्र यावर म्हणाला, की असे म्हटले तर माणसाला जबाबदारीच उरणार नाही. उरेल की. पण कागद लिहिणाऱ्याचीही जबाबदारी त्यात मोजली जाईल, इतकेच.

आईचा तो कागद मी जपून ठेवला आहे. छापील आहे. सकाळी ८ : एक कप साय काढलेले दूध, बिनसाखरेचे, व एक वाटी ओट्स. ११ : एक सफरचंद. १ : दोन फुलके, मोड आलेली उसळ, काकडी-टोमॅटो. असाच रात्रीपर्यंत. हा कागद लिहिणाऱ्याचे घड्याळ आणि माझ्या आईचे घड्याळ यांची कधी भेट झालेली नाही. सकाळी ८ वाजता ती वाटेवर असते.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा मी ठरवले, की ‘पथ्य पाळतेस का’ असे विचारायचेच नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची एक पद्धत मी वाचली होती. त्यांचे पाहणी करणारे लोक घरोघर जाताना ठराविक मापाच्या वाट्या बरोबर नेत आणि काल घरात काय शिजले, किती शिजले, त्यातले कोणाच्या वाट्याला किती आले, असे वाट्या दाखवून विचारत. मीही घरातल्या तीन वाट्या पुढे मांडल्या. दुसरी एक गोष्ट आमच्या खटाव तालुक्यातल्याच बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांच्याकडून शिकले. ते मोठे संख्याशास्त्रज्ञ. जागतिक अन्न व शेती संघटनेत त्यांनी संख्याशास्त्र विभाग सांभाळला आणि १९८० नंतरच्या काही वर्षांत वि. म. दांडेकरांशी त्यांचा भुकेच्या मोजमापावर कडाक्याचा वाद झाला. त्या वादात कोण बरोबर हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. पण एकाच निरोगी माणसाचे खाणे रोज सारखे नसते, ते दिवसागणिक कमीजास्त होते आणि म्हणून एका दिवसाच्या मापावरून माणसाबद्दल काही ठरवू नये, हे त्यांचे म्हणणे मला पटले. मी चार दिवस विचारले. कामाचे दोन, घरचा एक आणि एक सणाचा.

“आई, काल उठल्यापासून काय काय केलंस ते सांग.” खाण्याचे नाव नाही. ती कामे सांगत गेली आणि कामांच्या फटीतून खाणे बाहेर येत गेले. पहाटे चूल पेटवताना चहा. डबे भरल्यावर चहा. नऊ वाजता बांधावर, ज्यांचे शेत त्यांच्या घरून आलेला चहा. “त्यो न्हाई म्हणून कसं चालंल? पुन्यांदा कामाला बोलवायच्या न्हाईत.” दुपारी दीड भाकरी, ठेचा, कांदा. तीनला पुन्हा बांधावरचा चहा. घरी आल्यावर चहा. “त्यानं भूक मरती गं. मग सैपाक हुईस्तवर निभावतंय.” रात्री सगळ्यांचे झाल्यावर भात आणि आमटी. घरचा शाळू गणपतीपर्यंत पुरला. पुढे भाकरी एक वेळ आणि रेशनच्या तांदळाचा भात दुसऱ्या वेळी. किती भात, याला मात्र तिला वाटी दाखवता येईना. पातेल्यात उरेल तो आणि भावाच्या ताटात राहील तो. “टाकून कसं द्यायचं?”

पाहुणे आले तर सहावा चहा. चारही दिवसांचा हिशेब केला तेव्हा कामाच्या दिवशी दहा ते बारा चमचे साखर एकट्या चहातून जात होती. गोडधोड? सणाच्या दिवशी तिळाची एक पोळी, बस्स. डॉक्टरांनी ‘गोड खाता का’ असे विचारले तेव्हा ती ‘न्हाई’ म्हणाली होती. तिच्या भाषेत ते शंभर टक्के खरे होते. चहा हे काही ‘गोड खाणे’ नव्हे.

मी हे सगळे त्या छापील कागदाच्या पाठीमागे लिहून काढले. वेळा तिच्या घड्याळाच्या, मापे आमच्या वाट्यांची. खाली लिहिले, की बांधावरचा चहा बंद होणे अवघड आहे, घरचे तीन बिनसाखरेचे करून पाहता येतील. आणि रात्री भाताऐवजी काय, हे डॉक्टरांनी सांगावे, फक्त ते पाच माणसांना एकत्र शिजवता आले पाहिजे. आईला वाचून दाखवले. ती बराच वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, “समदं बरोबर हाय. पर त्ये चहाचं खोडून टाक बाई. सायेब वरडत्यात.”

पुढची तारीख परीक्षेनंतरची आहे. कागद माझ्या वहीत आहे. चहाची ओळ अजून मी खोडलेली नाही.